कुंपण माझं, शेळ्या तिच्या

रायपूरच्या समता कॉलोनीतून बोलतोय. मागच्या दोन भागांत मी फौजेतल्या खेचरांबद्दल बोललो. अनेकांनी कळवलं की खेचरांवर अजून ऐका­यला आवडेल. ऐकवेन, पण आज नाही. आज एका झाडाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या झाडाच्या निमित्ताने माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल.

हातात ही काडी आहे. नुसतं ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: बोटाएवढी जाड, आतून पोकळ, पानं पिंपळासारखी बदामी पण लांबट, आणि टोकाला फिकट गुलाबी, कर्ण्यासारखं फूल. ओळखलं असेलच. विदर्भात याला बेशरम म्हणतात, छत्तीसगढमध्येही बेशरमच. झारखंड-बिहारकडे थेथर, कुठे बेहया. सगळ्या नावांचा अर्थ एकच, निर्लज्ज. कापा, तोडा, फेका, जिथे पडेल तिथे पुन्हा उभं राहतं. माझं लहानपण भंडारा जिल्ह्यात गेलं. आमच्या शाळेत गुरुजींचा फोक याच झाडाचा असायचा. पाठीवर तुटायचा आणि गुरुजी खिडकीतून हात बाहेर काढून दुसरा घ्यायचे. बेशरमाची आणि माझी ओळख अशी पाठीपासूनची आहे.

झाड आपलं नाही. ते दक्षिण अमेरिकेकडचं. १७६० साली जाकँ नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं बारसं केलं, आयपोमिया कार्निया. कार्निया म्हणजे मांसाच्या रंगाचं, ते फुलावरून. रताळं आणि बागेतली गारवेल ही याचीच भावंडं. आपल्याकडे ते आलं शोभेचं आणि कुंपणाचं झाड म्हणून, आणि मग नाले, तळी, रेल्वेच्या कडेचे खड्डे, धरणांचे काठ, सगळीकडे पसरलं. पाण्यात उभं राहतं आणि कोरड्यातही तग धरतं.

आता माझी गोष्ट. २०१४ साली निवृत्त झालो. बायकोचं माहेर रायपूरचं, म्हणून इथे घर केलं. संध्याकाळी चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात चार मराठी माणसं भेटतात, दिवस बरे जातात. पण फौजी माणसाला मोकळी जागा लागते. अभनपूरच्या पुढे, धमतरी रस्त्यापासून आत, दीड एकर जमीन घेतली. पहिला प्रश्न कुंपणाचा. इथे धान कापून झालं की गुरं मोकळी सोडतात. नोव्हेंबरपासून पावसापर्यंत शेत कोणाचंही असो, गुरं सगळ्यांची. काटेरी तारेचा खर्च काढला तर जमिनीच्या किमतीच्या जवळ जात होता, आणि तार रात्रीतून चोरीला जाते असंही कानावर होतं. गावातल्या एकाने सुचवलं, साहेब, बेशरम लावा. काड्या फुकट, जूनमध्ये खोचा, दिवाळीला कमरेएवढं होईल. आणि मुख्य म्हणजे कोणतंही जनावर त्याला तोंड लावत नाही.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ते खोटं नव्हतं. अर्धवट होतं.

जून २०१५ मध्ये मी दोरी धरून, वीतभर अंतराने, परेडच्या रांगेसारख्या काड्या खोचून घेतल्या. तीन वर्षांत पुरुषभर उंचीची हिरवी भिंत उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ती कौतुकाने दाखवायचो.

माझ्या जमिनीला लागून गावाची पडीक जागा आहे, थोडी उतरती, खाली तळं. गावातली एक विधवा बाई तिथे शेळ्या चारायची. मी तिला दीदी म्हणतो, तिचं नाव इथे घेणार नाही. नऊ शेळ्या. ज्यांनी शेळ्या पाळल्या आहेत त्यांना कळेल, नऊ शेळ्या म्हणजे बँकेतलं खातं असतं. पोरीच्या लग्नाला दोन, आजारपणाला एक, असं ते खातं मोडत जातं.

२०१७ चा पावसाळा आमच्याकडे दगा देऊन गेला. राज्यातल्या बऱ्याच तहसिली दुष्काळग्रस्त जाहीर झाल्या. धानच नाही तर पैरा, म्हणजे आपलं तणस, कुठून येणार? २०१८ च्या एप्रिलमध्ये त्या पडीक जागेवर माती आणि दगड एवढंच उरलं होतं. तळ्याला भेगा पडल्या होत्या. आणि त्या सगळ्या करड्या रंगात एकच गोष्ट हिरवीगार होती, माझं कुंपण.

मे महिन्यात माझ्या राखणदाराने सांगितलं, "साहब, बकरी मन माते हें." शेळ्या मातल्यात. छत्तीसगढीतलं मातणं म्हणजे नशा चढणं. मी हसलो आणि म्हटलं, मोहाची फुलं खाल्ली असतील. त्या दिवसांत जंगलाकडच्या गावांत मोह पडतो, गुरं खातात आणि झिंगतात, हे ऐकलेलं होतं. मी जाऊन बघितलंही नाही. फौजेत असतो तर एखाद्या जवानाला यासाठी धारेवर धरलं असतं, की रिपोर्ट आला तर डोळ्यांनी का नाही पाहिलंस.

पुढच्या फेरीला पाहिलं तेव्हा एक शेळी मेलेली होती. बाकीच्यांपैकी काहींची मान सारखी डुलत होती, जणू कोणाला नाही नाही म्हणताहेत. पाय फाकवून उभ्या. टाळी वाजवली की दचकून पळायला जायच्या आणि मागच्या पायांवर कोसळायच्या. अंगात ताप नाही, तोंडाला फेस नाही, पोट फुगलेलं नाही. गावातल्या कोणी असलं काही पाहिलं नव्हतं.

आणि ज्याला कारण सापडत नाही त्याला गाव कारण शोधून देतं. तळ्याच्या पलीकडे एक म्हातारी एकटी राहायची. इथे अशा बाईला डोकरी दाई म्हणतात. कुजबुज सुरू झाली की तिची नजर लागली. एक शब्द कानावर आला, टोनही. आपल्याकडे चेटकीण म्हणतात तोच. छत्तीसगढमध्ये या शब्दाने बायकांना मारलं आहे, गावाबाहेर काढलं आहे. त्यावर कायदा करावा लागला, टोनही प्रताडना निवारण अधिनियम, २००५. कोणाला टोनही म्हणणं हाच गुन्हा आहे. पण कायदा रायपुरात असतो आणि कुजबुज पारावर.

त्या रात्री मी माझ्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, खेचरांच्या तुकड्यांबरोबर होतो. तो रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे फौजेतला जनावरांचा डॉक्टर. लक्षणं सांगितली. तो म्हणाला, उद्या एक कर. शेळीचं डोकं हनुवटीला धरून वर उचल, मिनिटभर तसंच धर आणि सोडून दे. धडधाकट शेळी डोकं खाली घेईल आणि चालू पडेल. बिघडलेली असेल तर तोल जाऊन पडेल.

सकाळी केलं. उरलेल्या आठांपैकी पाच पडल्या.

पुन्हा फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "तुझ्या शेताचं कुंपण कशाचं आहे?"

मी बाहेर जाऊन पडीक जागेच्या बाजूने कुंपण पाहिलं. आतून मला नेहमी हिरवी भिंत दिसायची. बाहेरून, शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तर जिथवर पोचेल तिथवर, एक पान शिल्लक नव्हतं. कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ होती.

आता हे विष काम कसं करतं ते सांगतो. मित्राने समजावलं, नंतर मी स्वतः वाचलं. बेशरमाच्या पानांत स्वेनसोनीन नावाचं द्रव्य असतं. ते आधी सापडलं ऑस्ट्रेलियात, स्वेनसोना नावाच्या वेगळ्याच झाडात. मर्डॉक विद्यापीठातल्या संशोधकांनी १९७९ मध्ये ते वेगळं काढलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे लोकोवीड म्हणून रानटी झुडपं आहेत, त्यांतही हेच. लोको म्हणजे स्पॅनिशमध्ये वेडा. तिथले घोडे आणि गुरं ते खाऊन वेड्यासारखी वागायची, म्हणून हे नाव.

शरीरातल्या प्रत्येक पेशीत केरकचरा मोडून टाकणारी एक व्यवस्था असते. तिथे काही विशिष्ट साखरेच्या साखळ्या तोडण्याचं काम एक विकर करतं. स्वेनसोनीन त्या विकराचे हात बांधून ठेवतं. कचरा तुटत नाही, साचत जातो, पेशी फुगत जाते. सगळ्यात जास्त मार बसतो तो लहान मेंदूतल्या मोठ्या पेशींना, ज्या तोल आणि हालचाल सांभाळतात. म्हणून मान डुलते, म्हणून पाय फाकतात. एका दिवसात काही होत नाही. आठवडेच्या आठवडे खाल्लं की होतं. म्हणून तर कोणाला संशय येत नाही. कण्हेर खाऊन जनावर लगेच आडवं झालं तर माणूस आजूबाजूला बघतो. महिनाभर जे खाऊन काही झालं नाही त्याच्याकडे कोण बघणार?

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते पुढचं. हे विष बेशरम स्वतः बनवतच नाही. त्याच्या पेशींच्या आडोशाला एक बुरशी राहते, ती बनवते. २०१३ मध्ये हे सिद्ध झालं. बुरशी काढून टाकलेल्या झाडांत स्वेनसोनीन सापडलं नाही. म्हणजे बेशरमाच्या घरात भाडेकरू आहे आणि शस्त्र भाडेकरूकडे आहे.

आणि हे काही माझ्याच गावचं दुर्दैव नव्हे. सुदानमध्ये शेळ्या-मेंढ्यांवर याच्या चाचण्या १९८० च्या दशकात झाल्या. मोझांबिकमधल्या शेळ्यांचा नेमका हाच आजार १९९९ मध्ये नोंदवला गेला. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनच्या मुखाशी माराजो नावाचं मोठं बेट आहे, तिथे कळपच्या कळप बाधित सापडले. डोकं उचलून सोडायची चाचणी तिकडचे डॉक्टर वापरतात. तिथल्या लोकांनी आणखी एक पाहिलं: शेळीला एकदा याची सवय लागली की चांगला चारा समोर असूनही ती ह्याच्याकडे वळते, आणि तिला पाहून कळपातल्या दुसऱ्या शिकतात. दुधातूनही हे विष उतरतं, गाभण शेळीची पिल्लं अशक्त निपजतात.

सुरुवात मात्र नेहमी भुकेने होते. बेशरम चवीला कडू, वासाला उग्र. पोट भरलेलं जनावर त्याला खरोखरच तोंड लावत नाही. तोंड लावत नाही म्हणून ते चरलं जात नाही, चरलं जात नाही म्हणून वाढतं, आणि मे महिन्यात फक्त तेच उरतं. मला सांगणाऱ्याचं वाक्य अर्धवट होतं म्हटलं ते यासाठी. "जनावर तोंड लावत नाही" याच्या पुढे "दुसरं काही असेल तोवर" हे राहून गेलं होतं.

मला हे कळायला हवं होतं, कारण दोन ठिकाणी मी हे शिकलो होतो. एक फौजेत. डोंगरात खेचरांचा तळ पडायचा तेव्हा जुने नायक आधी आजूबाजूची झुडपं छाटून घ्यायचे. उपाशी खेचर अनोळखी हिरवळीवर सोडायचं नाही, हा दंडक. आधी पाणी, मग चारा-दाणा, मग मोकळं सोडणं. दिवसभर ओझं वाहून आलेलं खेचर गुरांसची पानंही ओरबाडतं. हिमालयात लाल फुलांचा जो गुरांस फुलतो, ज्याचे फोटो सगळे काढतात, तो जनावरांना विषारी आहे.

दुसरं भंडाऱ्यात, घरी. आमच्याकडे लाखोळीची डाळ खायचे. इथे तिला तिवरा म्हणतात. धान उभं असतानाच ओल्या बांधीत टाकतात, नांगरट नाही, पाणी नाही, फुकटचं पीक. घरात इतर डाळी-भाजीबरोबर कधीमधी खाल्ली तर कोणाला काही होत नाही. पण दुष्काळात ज्या मजुराला महिनोन्‌महिने फक्त लाखोळीच मिळाली त्याचे पाय आखडले आणि तो जन्मभर काठीवर आला. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. आमच्या गावात असा एक माणूस होता. आम्ही पोरं त्याच्या चालण्याची नक्कल करायचो. आजोबांनी एकदा कान पिरगाळून सांगितलं होतं, त्याने डाळ खाल्ली म्हणून नाही रे, दुसरं काही नव्हतं म्हणून. पन्नास वर्षांनी शेळ्यांची मान डुलताना पाहून मला ते वाक्य आठवलं. जरा उशीर झाला होता.

असो. त्या दिवशी संध्याकाळी मी पारावर गेलो. सरपंच होते, पहाटिया होता, म्हणजे गावाची गुरं राखणारा, आणि दहा-बारा लोक. कुंपणाची एक ओरबाडलेली फांदी सोबत नेली होती. मी सांगितलं, शेळ्यांना कोणाची नजर लागलेली नाही, माझं कुंपण लागलंय. लावलं मी, दोष माझा. डोकरी दाईचं नाव पुन्हा कोणी घेतलं तर मी स्वतः ठाण्यात जाईन. आवाज थोडा परेडचा लागला असावा, कारण एक पोरगं रडायला लागलं.

लोकांना लगेच पटलं असं नाही. आमच्या आज्यापासून बेशरम आहे, कधी काही झालं नाही, असं एक जण म्हणाला. बरोबरच होतं ते. पण पहाटियाने मान हलवली. त्याने पाहिलं होतं शेळ्यांना खाताना, मला सांगितलं नव्हतं इतकंच. साहेबाचं कुंपण खातात हे साहेबाला कोण सांगणार, मार खाव्या लागायच्या शेळ्या! हे वाक्य मला फार लागलं. तीन वर्षांत मी त्या माणसाशी रामराम सोडून दुसरं काही बोललो नव्हतो.

दीदी मागे बसली होती. मी तिला म्हटलं, मेलेल्या शेळीचे पैसे देतो, आणि कुंपण उद्याच तोडतो. ती म्हणाली, "त बकरी मन का खाहीं, साहब?" मग शेळ्या खातील काय?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. विष काढून घेण्याची तयारी केली होती, त्या जागी काय द्यायचं याचा विचारच केला नव्हता.

मग बोअरच्या पाण्यावर अर्धा एकर चारा लावला. नेपिअर गवताची ठोंबं कृषी विद्यापीठाकडून मिळवली. तोवर धमतरी रोडच्या बाजारातून विकतचा चारा. शेळ्या माझ्याच आवारात, बेशरमापासून दूर. औषध? उतारा नाही यावर. खाणं थांबवायचं आणि वाट बघायची. लवकर थांबवलं तर साचलेला कचरा हळूहळू निघून जातो. मेंदूच्या पेशी मेल्या असतील तर त्या परत येत नाहीत. नऊपैकी तीन शेवटी गेल्या. दोन वाचल्या पण मान डुलायची ती डुलतेच. चार पूर्ण बऱ्या झाल्या. दीदीने तीन शेळ्यांचे पैसे घेतले, मोजून घेतले, आणि ते योग्यच केलं. चाऱ्याचे पैसे मात्र ती मला देऊ पाहत होती.

कुंपण काढायचं म्हणजे काय असतं ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत. कापून उपयोग नाही, बुडापासून खणावं लागतं, पावसाच्या आधी. काढलेलं तळ्याच्या काठी टाकलं तर तिथे जंगल होतं. उन्हात दगडावर कडकडीत वाळवायचं आणि मग जाळायचं. वाळलेल्या पानातही विष राहतं, म्हणून वाळत असताना जनावर फिरकू द्यायचं नाही. धुराच्या वाऱ्याकडे उभं राहू नका. मला दोन उन्हाळे लागले. त्या जागी निरगुडी लावली आहे. तिलाही गुरं सहसा खात नाहीत, आणि चुकून खाल्ली तर घात होत नाही. मध्ये मध्ये मेंदी. भिंत पूर्वीइतकी देखणी नाही. दोन-तीन ठिकाणी शेळ्या शिरतात. शिरू देत.

ज्यांच्या घरी शेळ्या आहेत त्यांना एवढंच सांगतो: उन्हाळ्यात शेळी मान डोलवायला लागली, दचकून पडायला लागली, तर आधी ती कुठे चरते ते जाऊन बघा, मग डोकं उचलून बघा. जनावरांच्या डॉक्टरांसाठी आता १९६२ हा फुकट फोन आहे, गाडी दारात येते. आमच्या वेळी इथे तो नव्हता.

इथे आषाढी अमावास्येला, आपण दिव्यांची अवस म्हणतो त्या दिवशी, हरेली असते. गुरांना कणकेची लोंदी, मीठ आणि रानातली औषधी मुळं खमारच्या पानावर चारतात, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात. गेल्या हरेलीला मी गेलो होतो. पहाटियाने माझ्याही फाटकाला डहाळा खोचला. डोकरी दाई आता थकली आहे, दारात बसून असते. दीदीकडे आज अकरा शेळ्या आहेत. मान डुलणाऱ्या दोनपैकी एक अजून आहे, तिला आम्ही नेताजी म्हणतो.

त्या दिवशी पंपाजवळ बेशरमाचा एक कोंब दिसला, वीतभर. मुळासकट उपटला, पिशवीत घातला, घरी नेऊन जाळू म्हटलं, आणि गाडीच्या डिकीत विसरलो. आठ-दहा दिवसांनी स्टेपनी काढायला डिकी उघडली तर त्याला दोन नवी पानं फुटली होती.